उलटी स्लाइड

मूर्तीचा उजवा हात म्हणजे
आपल्या डावीकडचा.
पहिल्याच तासाला वहीत लिहून घेतलं
आणि पुढचे सहा महिने
रस्ता ओलांडतानासुद्धा मी गोंधळत राहिले.

फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर
दुपारी दोनला काळे पडदे ओढले जायचे.
पागधरेकाका प्रोजेक्टरला आधी चापट मारायचे,
मग फुंकर.
मग खट्ट.
भिंतीवर सहावं शतक.
खट्ट. आठवं.
मधल्या दोनशे वर्षांच्या अंधारात
जॉइस हळूच डबा उघडायची
आणि चालुक्यांपासून राष्ट्रकूटांपर्यंत
सगळ्या घराण्यांना
सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास यायचा.

स्लाइड एकशे सतरा.
"जोगेश्वरी. द्वारपाल. कालौघात झिजलेला.
भार उजव्या पायावर, डावा गुडघा किंचित पुढे..."
खोर्शेद मॅडम वाचत होत्या
बावीस वर्षं जपलेल्या पिवळ्या कागदावरून.
सगळ्यांची पेनं खाली मान घालून चालली.
माझं चालेना.

कारण हा आमचा होता.
आमच्या खोलीमागे सात-आठ पायऱ्या उतरलं
की हाच उभा.
याच्या कोपरात अडकलेला चेंडू
मी याच्याच गुडघ्यावर पाय देऊन काढायचे,
आणि तो गुडघा
हा नव्हे.

"मॅडम, स्लाइड उलटी आहे."

वर्गातला पंखा एवढा वाजतो
हे त्या दिवशी कळलं.

काकांनी कोपऱ्यातला लाल ठिपका दाखवला.
ठिपका इथे, अंगठा इथे, यात चूक नाही.
ठिपका त्यांच्या आधीच्या शिपायाने लावलेला.
तरी त्यांनी स्लाइड काढली, फिरवली.
खट्ट.
आणि तो वळला,
दारातल्या माणसाने
घरातून हाक आल्यावर वळावं तसा.

मॅडमनी चष्मा काढला.
मनात हिशेब चालला असावा:
बावीस वर्षांत किती पेपर,
कितीजणींना 'उजवा'चे दोन मार्क दिले,
आणि कुणी एखादी
प्रत्यक्ष जाऊन, बघून, 'डावा' लिहून
नापास झाली असेल का.

"तू पाहिलायस?"
"तिथेच राहते."
"मग बोल. मी लिहून घेते."

मी बोलले. गुडघा, कोपर, चेंडू,
गळ्यातला हार, जो बोटांना अजून लागतो
पण डोळ्यांना दिसत नाही.
मॅडमनी खरंच लिहून घेतलं.
नवा ठिपका माझ्या नेलपॉलिशचा, जांभळा.
"जुना पुसू नकोस," म्हणाल्या,
"कळू दे पुढच्यांना."

एक मात्र मी सांगितलं नाही.
कालौघ म्हणजे
सकाळी साडेसहा ते आठ, नळ असतो तेवढा वेळ.
कालौघ म्हणजे आमची मोरी,
तिच्याशेजारी घरटकरांची मोरी,
साबण, नीळ, तांदळाचं धुवण,
कातळाच्या भेगेतून
थेंबाथेंबाने त्याच्या खांद्यावर.
अकरावीपासून माझे युनिफॉर्म
मीच धुवायचे.

संध्याकाळी आई चादर पिळत होती.
"आई, हे पाणी खाली जातं."
"मग वर जाणार आहे का?"
ती म्हणाली, आणि चादरीचं दुसरं टोक
माझ्या हातात दिलं.
आम्ही दोघींनी पिळली.
तिची उजवीकडे, माझी डावीकडे,
म्हणजे तीच दिशा.

नंतर खाली गेले.
त्याचा उजवा खांदा ओला होता.
ओढणीने टिपला.
वॉचमनने लांबून शिट्टी मारली,
हात लावायचा नाही.